क्रॉसबोने हरणाची शिकार: रीलमध्ये काय दिसत नाही?

लालबागच्या चुलतभावाने अमेरिकेतलं एक रील पाठवून विचारलं, "दादा, असा क्रॉसबो मागवू का?"

क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य; ताणलेली दोरी खटका धरून ठेवतो. बाण सेकंदाला साधारण 100 मीटर जातो, आवाज मात्र 340. म्हणजे 40 मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंदाहून जास्त आधी ऐकू येतो. तेवढ्यात ते दचकून खाली दबतं, बाण भलतीकडे लागतो आणि जनावर जखमी होऊन पळतं. हे रीलमध्ये कोण दाखवणार?

आपल्याकडे चितळ-सांबराच्या शिकारीवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नुसता प्रयत्न केलात तरी गुन्हा. तुरुंगवास होऊ शकतो. असं काही दिसलं तर वनखात्याचा 1926 नंबर लावा. भावाने कार्ट रिकामं केलंय.