जमिनीतून निघालेल्या चिनी मातीच्या बाहुलीचे वय कसे ठरते?

१/ अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये जुन्या घराचा परसू, शौचकूप किंवा उकिरडा खणताना बोटभर उंचीची, पांढरीशुभ्र, काळ्या केसांची बाहुली अनेकदा हाती येते. तिच्यावर सन कोरलेला नसतो. मग तिचा काळ ठरवायचा कसा?

२/ प्रथम पृष्ठभाग पाहावा. काचेसारखी झिलई असेल तर ती ‘चायना’. झिलईविना, त्वचेसारखी मंद असेल तर ‘बिस्क’. एकोणिसाव्या शतकात अशा बाहुल्यांचे मोठे केंद्र जर्मनीतील थुरिंजिया प्रांत हे होते.

३/ मग घडण. हातपाय न हलणारी अखंड बाहुली ‘फ्रोझन शार्लट’ म्हणून ओळखली जाते. काळ साधारण १८५० ते १९२०. सीबा स्मिथ यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कवितेतील शार्लट पांघरूण नाकारते आणि नृत्यसमारंभाला जाताना वाटेतच गोठून मरते. त्यावरून हे नाव रूढ झाले.

४/ केवळ डोके व खांदे मिळाले आणि खांद्यांच्या कडेला भोके असली, तर तिचे धड कापडी वा चामडी होते. ते मातीत कुजून गेले. अशा वेळी केशरचना बोलते. उंच कपाळ व मधोमध भांग १८६० च्या सुमाराचा. कपाळावर उतरलेल्या कुरळ्या बटा शतकाच्या अखेरीच्या. मात्र साचे वर्षानुवर्षे वापरले जात, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही.

५/ अक्षरे अधिक नेमकी. ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांमुळे आयात मालावर उगमदेशाचे नाव येऊ लागले. भारतातही १८८९ मध्ये मालचिन्हांचा कायदा झाला. ‘जर्मनी’ अशी इंग्रजी मुद्रा असलेली बाहुली बहुधा त्यानंतरची. पण मुद्रा नाही म्हणून ती आधीचीच, असे म्हणता येत नाही. कधी मुद्रा केवळ खोक्यावर असे.

६/ सर्वांत मोलाचा साक्षीदार म्हणजे मातीचा थर. थरात १९०० चे नाणे असेल, तर तो थर १९०० पूर्वी साचलेला नाही. बाहुली मात्र त्याहून जुनी असू शकते. आईची बाहुली लेकीकडे येतेच.

७/ म्हणूनच बाहुली उपसून, धुऊन कपाटात ठेवली की तिची निम्मी साक्ष संपते. दप्तरांत मुलांची नोंद जन्म-मृत्यूपुरती उरते. त्यांचे खेळणे बहुधा मातीच जपते. सापडल्यास आधी जागा, खोली आणि शेजारच्या वस्तू टिपून घ्या.