वाट कोणाची?

गावाकडच्या पाणंदीचा तंटा ज्यांच्या कानी आला नाही, अशी कुटुंबे आपल्यांत विरळाच. शेत बेळगावजवळ असो, कोकणात असो वा गोव्यात; कालपर्यंत जिथून बैलगाडी जात होती तिथे एके दिवशी कुंपण पडते आणि ‘ही आमची खासगी जमीन’ असे ऐकावे लागते. हा वाद जुनाच आहे. परंतु तो तोडण्याची रीत दोनशे वर्षांत पार पालटली.

मराठेशाहीत जमिनीचे व शिवेचे तंटे गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्षीस बसत, निवाड्याचा महजर होई आणि त्यावर पाटलाच्या नांगरासारख्या निशाण्या उमटत. शिवेच्या वादात महाराच्या साक्षीला मोठे वजन असे; कारण शीव राखणे आणि वाटसरूंना वाट दाखविणे हे त्याचेच काम होते. ज्याला गावात मोकळेपणी वावरण्याची मुभा नव्हती, त्याच्याच स्मृतीवर गावाची शीव उभी होती, हे विसरून चालणार नाही. थोडक्यात, वाट कागदावर नव्हती. ती माणसांच्या आठवणीत होती.

इंग्रजी अमलात ही आठवण नकाशावर उतरली. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून विंगेट व गोल्डस्मिड यांची मोजणी सुरू झाली आणि पुढे ती धारवाड-बेळगावकडे पोहोचली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. गावनकाशावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने, तर पाऊलवाट तुटक एकेरी रेषेने दाखविली गेली. पाऊलवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे साखळीचे चार आणे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा, इतर कोणाचा हक्क सिद्ध नसेल तर, सरकारच्या मालकीच्या ठरविल्या.

मात्र नकाशाने सर्व वाटा टिपल्या नाहीत. त्याचे मुख्य एकक सर्व्हे नंबर होते. पुढे वाटण्या होऊन एका नंबरचे अनेक हिस्से पडले. वाटेला लागून असलेला हिस्सा एका भावाकडे गेला आणि मागचा दुसऱ्याकडे. मागच्याने बांधावरून जावे, हे भावाभावांत गृहीतच होते; म्हणून ते कोणी लिहून ठेवले नाही. पुढचा हिस्सा परक्याला विकला गेला की गृहीत धरलेले सारे संपते.

येथे दोन निरनिराळे हक्क ओळखले पाहिजेत. सार्वजनिक वाट सर्वांची असते. तिथे कोणी किती वर्षे चालला हे विचारावे लागत नाही. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा वहिवाटीचा हक्क मात्र विशिष्ट शेताला चिकटलेला असतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे तो मिळविण्यास वीस वर्षांचा उघड, शांततापूर्ण व अखंड वापर दाखवावा लागतो. शेजाऱ्याच्या परवानगीने चालणे यात धरले जात नाही. आपल्या अनेक कुटुंबांचे दावे येथेच अडतात; कारण ज्याला आपण हक्क म्हणतो, तो बहुधा शेजाऱ्याचा सलोखा होता.

महाराष्ट्रात १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली वाटेतील बेकायदा अडथळ्याविरुद्ध मामलेदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे, दाद मागता येते. ती मात्र सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. बांधावरून नवी वाट मागायची तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. गोव्यात १९६६ चाच स्वतंत्र मामलेदार न्यायालय कायदा झाला. बेळगाव १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेल्यानंतर तेथे १९६४ चा कर्नाटक जमीन महसूल कायदा आला. त्याचे कलम ६७ सार्वजनिक रस्ते सरकारचे मानते.

पिढ्यानपिढ्या गावापासून दूर राहिलेल्यांना सहा महिन्यांची मुदत फार थोडी आहे. कुंपण पडल्याचे कळते तोवर ती बहुधा सरलेली असते. साक्षीला बसणारी वृद्ध माणसेही एकेक करून जात आहेत. म्हणून आपल्या पेट्यांतील जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे काढून त्यांतील चतुःसीमा वाचाव्यात. ‘पूर्वेस गाडीवाट’ एवढे दोन शब्द त्यांत सापडले, तरी गोतसभेतली एक साक्ष अजून आपल्याजवळ आहे असे समजावे.