‘कामाच्या ओघात’ : माल पोचविणारा चालक पायी असता त्यास झालेली इजा व कायदा

माल घरोघर पोचविणाऱ्या चालकाचा दिवस दोन भागांत विभागलेला असतो. काही वेळ तो वाहनावर असतो आणि काही वेळ वाहनाखाली. इतवारीतील ठोक दुकानापुढे टेम्पो उभा करून खोकी उतरविणारा, कळमन्याच्या बाजारातून माल घेऊन गल्लीत शिरणारा किंवा दुचाकी फाटकाशी ठेवून चौथ्या मजल्यावर जिना चढणारा मनुष्य चालक म्हणून ओळखला जातो. तथापि त्या क्षणी तो पादचारी असतो. अशा वेळी त्यास दुखापत झाली तर भरपाई कोणी द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यावहारिक वाटतो. त्याचा इतिहास पाहू गेल्यास मात्र असे दिसून येते की, या प्रश्नाचा निकाल बहुधा दोन गोष्टींवर अवलंबून राहिला आहे : कायद्याने त्या माणसास कोणते नाव दिले, आणि त्याच्या कामाची सीमा कोणत्या शब्दांनी आखली.

या इतिहासाचा आरंभ योगायोगाने माल पोचविणाऱ्या नोकरापासूनच होतो. इंग्लंडात १८३७ साली ‘प्रीस्टली विरुद्ध फाउलर’ हा खटला निकालात निघाला. वादी एका खाटकाचा नोकर होता. मालकाच्या मालाची गाडी अतिभाराने मोडली आणि त्याची मांडी मोडली. ज्यूरीने त्यास भरपाई दिली. परंतु लॉर्ड अ‍ॅबिंजर यांच्या न्यायालयाने ती नाकारली. नोकराने कामातील धोका पत्करलेलाच असतो, ही त्यामागील भूमिका. तिच्यातूनच पुढे ‘समान सेवे’चा सिद्धांत वाढला. एका नोकराच्या हयगयीने दुसऱ्या नोकरास इजा झाली तर मालक जबाबदार नाही, असा त्याचा आशय होय. त्याच गाडीने वाटेवरचा तिऱ्हाईत मनुष्य जखमी झाला असता तर त्यास दाद मिळाली असती. गाडीबरोबर चालणाऱ्या नोकरास मात्र ती नव्हती.

हिंदुस्थानात अपकृत्यांविषयी सर्वांगीण संहिता नव्हती. न्यायालये ‘न्याय, समता व सद्सद्विवेक’ या सूत्रानुसार इंग्रजी तत्त्वे स्वीकारीत. मृताच्या कुटुंबास दावा लावण्याचा अधिकार १८५५ च्या कायद्याने दिला होता. परंतु मृत मनुष्य नोकर असल्यास ‘समान सेवे’ची भिंत आडवी येई. या भिंतीस महत्त्वाचा तडा नागपुरात गेला. नागपूरचे उच्च न्यायालय जानेवारी १९३६ मध्ये स्थापन झाले आणि सर गिल्बर्ट स्टोन हे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. पुढच्याच वर्षी ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध रुक्मिणीबाई’ या खटल्यात या न्यायालयाने समान सेवेचा सिद्धांत येथे लागू करण्यास नकार दिला. इंग्लंडात जो नियम खुद्द तेथील विधिमंडळाने कायदे करून आकुंचित केला, तो येथील परिस्थितीत न्याय्य म्हणून जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही, ही या निवाड्यामागील दृष्टी होती. इंग्रजी कायद्याची योग्यता पारखून मगच तो स्वीकारावा, या विचाराचे उदाहरण म्हणून अपकृत्यविषयक ग्रंथांत या निवाड्याचा उल्लेख आजही येतो.

हा प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. १९३८ च्या मालक-दायित्व कायद्याने या बचावास काही बाबतींत बंदी केली. परंतु प्रिव्ही कौन्सिलने पुढे, त्या मर्यादांबाहेर हा सिद्धांत हिंदुस्थानात जिवंत आहे, असा निर्णय दिला. नागपूरने पूर्वी बंद केलेले दार अशा रीतीने पुन्हा किलकिले झाले. १९५१ च्या दुरुस्तीने ते कायमचे लावून घेण्यात आले. त्यानंतर सहकाऱ्याने निष्काळजीपणाने ढकललेली पेटी पायावर पडली, तर नोकरास मालकाविरुद्ध दिवाणी दावा लावण्यास ही अडचण उरली नाही. मात्र हयगय सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच शिरावर राहिले.

हे ओझे दूर करणारा दुसरा मार्ग १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने उघडला होता. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. या कायद्यान्वये मालकाचा दोष दाखविण्याची आवश्यकता नव्हती. कामगाराची स्वतःची साधी हयगयही हक्काआड येत नसे. अपघात ‘नोकरीतून’ आणि ‘नोकरीच्या ओघात’ उद्भवला, एवढे दाखविणे पुरेसे होते. या दोन शब्दप्रयोगांतील भेद सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे. पहिला कारणाचा निर्देश करतो आणि दुसरा काळ, स्थळ व परिस्थिती यांचा. केवळ कामाच्या वेळी इजा होणे पुरेसे नाही. त्या इजेचा कामाशी संबंध हवा. रस्त्यावरील धोका तर सर्वांनाच असतो. मग तो कामातून उद्भवला असे कसे म्हणावे? इंग्लंडच्या लॉर्डसभेने १९१७ साली या शंकेचे निरसन केले. मालकाने सायकलीवरून कामास पाठविलेल्या मुलास मोटारीचा धक्का बसला होता. ज्याचे कामच त्यास रस्त्यावर नेते, त्याच्या बाबतीत रस्त्याचा धोका हाच नोकरीचा धोका होय, असे तत्त्व त्या निर्णयाने प्रस्थापित केले.

पायी असलेल्या चालकाच्या दृष्टीने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाची शब्दयोजना विशेष लक्षणीय आहे. यांत्रिक शक्तीने चालणारे वाहन चालविणे, दुरुस्त करणे वा राखणे या कामांबरोबरच त्या वाहनात माल चढविणे व त्यातून उतरविणे यांचाही त्यात निर्देश झाला. टपाल व तार खात्यात सामान्यतः बाहेर हिंडण्याचे काम करणाऱ्यांचाही त्यात समावेश होता. म्हणजे पायी टपाल नेणाऱ्या हरकाऱ्याचा वारस मानता येईल असा टपालवाला, आणि गाडीशी उभा राहून माल उतरविणारा, हे दोघेही या यादीत आले.

प्रश्न उरला तो सीमेचा. ओघ कोठे सुरू होतो व कोठे संपतो? १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पोरबंदरच्या मिठागरातील कामगारांचे प्रकरण आले. काम संपवून खाडी ओलांडताना नाव उलटून ते बुडाले होते. नोकरीच्या स्थळकाळाचा ‘कल्पित विस्तार’ होऊ शकतो, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु सार्वजनिक वाटेवर आल्यानंतर तो विस्तार संपतो, असे म्हणून भरपाई नाकारली. १९६३ मध्ये मुंबईच्या बेस्ट उपक्रमातील बसचालकाच्या प्रकरणात मात्र निराळा निकाल लागला. बस आगारात लावून तो दुसऱ्या बसने प्रवासी म्हणून घरी निघाला असता अपघातात मृत्यू पावला. बहुमताने न्यायालयाने ठरविले की, चालकांनी वक्तशीर यावे म्हणून दिलेली ही सोय सेवेचेच अंग होय. चाकामागे नसलेला चालकही कामाच्या ओघात असू शकतो, हे या निकालाने स्पष्ट झाले.

या विचाराची पुढची पायरी २०१९ च्या निर्णयात दिसते. इंदूर-बऱ्हाणपूर मार्गावरील बसचा चालक मुक्कामी बसच्या टपावर जेवून खाली उतरताना पडून मेला. बस त्या वेळी चालत नव्हती व चालक जेवण करून परतत होता. तरीही, पहाटे पुन्हा निघावयाचे असल्याने त्याने बसपाशीच राहणे कामाची गरज होती, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबास भरपाई दिली. जुलै २०२५ मध्ये उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, भागातील साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने कामावर जाण्याच्या वाटेवरील अपघातही, काळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी दुवा असल्यास, या शब्दांत बसतो असे ठरविले. पोरबंदरच्या खाडीपासून येथवर येण्यास सदुसष्ट वर्षे लागली.

तिसरा मार्ग मोटार वाहन कायद्याचा. माल उतरविणाऱ्यास दुसऱ्या वाहनाने धक्का दिल्यास तो त्या वाहनाच्या मालकाविरुद्ध व विमा कंपनीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. ‘वाहनाचा वापर’ या शब्दांचा अर्थ १९९१ साली विस्तृत झाला. पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरचा काही तासांनी स्फोट होऊन माणसे दगावली होती. अचल पडलेले वाहनही ‘वापरात’ असू शकते, असे न्यायालयाने म्हटले. दोष न दाखविता मिळणारी रक्कम १९८२ च्या दुरुस्तीने प्रथम आली. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूस ५ लाख व गंभीर इजेस २.५ लाख रुपये झाली. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनाच्या बाबतीत अनुक्रमे २ लाख व ५० हजार रुपये ठरली. १९८८ च्या कायद्याने निवडही सक्तीची केली आहे : एकाच अपघाताबद्दल मालकाकडून वैधानिक भरपाई किंवा न्यायाधिकरणाकडून रक्कम, यांपैकी एकच मागता येते. पहिला मार्ग निश्चित पण सूत्रबद्ध, दुसरा व्यापक पण बहुधा दोषसिद्धीवर अवलंबून. निवड विचारपूर्वक न केल्यास नुकसान जखमीचेच होते.

वाहन चालकाच्या स्वतःच्या मालकीचे असल्यास अडचण अधिक गहन होते. स्वतःच्या विम्याच्या दृष्टीने तो तिऱ्हाईत नसतो. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची भाषा वाहन चालविताना, त्यावर चढताना वा त्यावरून उतरताना झालेल्या इजेभोवती फिरते. जिन्यावर घसरलेला किंवा कुत्रा चावलेला मनुष्य त्या वर्तुळाबाहेर पडतो.

येथे नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. १९२३ चा ‘कामगार’ २०१० मध्ये ‘कर्मचारी’ झाला. ज्याचे काम नैमित्तिक व मालकाच्या धंद्याबाहेरचे, त्यास वगळणारे शब्द त्यापूर्वी २००० सालीच गाळले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी तो कायदा जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली व भरपाईचे तत्त्व तिच्या सातव्या प्रकरणात आले. परंतु भ्रमणध्वनीवरील मागणीनुसार माल पोचविणाऱ्यास कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात. संहितेने अशा कामगारांची व्याख्याच मुळी पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणारे अशी केली आहे. त्यांच्यासाठी अपघात विम्यासह योजना आखण्याची व कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी देण्याची तरतूद आहे. तथापि योजनेचा लाभ आणि मालकाविरुद्धचा हक्क या दोन भिन्न गोष्टी होत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांविषयी करारातील नावापेक्षा कामाचे वास्तव पाहिले. येथे तो प्रश्न अद्याप विचाराधीन मानावा लागेल.

अनेक मालकांच्या एका कामकऱ्याचा प्रश्न महाराष्ट्रास मात्र नवा नाही. ‘माथाडी’ हा शब्द ‘माथा’पासून आला; डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. बाजारात आज एका व्यापाऱ्याचा, उद्या दुसऱ्याचा माल वाहणाऱ्यास एक मालक दाखविता येत नसे. १९६९ च्या माथाडी व हमाल कायद्याने मंडळे स्थापून, नोंदणी झालेल्या कामगारास भरपाई कायद्याचे संरक्षण लागू केले. मालक कोण, हे जखमी माणसाने शोधीत बसावे असे त्या कायद्यास वाटले नाही. जिना चढणाऱ्या ‘भागीदारा’च्या खांद्यावरचे ओझे माथाड्याच्या ओझ्याहून प्रकृतीने निराळे नाही. निराळे आहे ते त्यास दिलेले नाव. आणि १८३७ पासूनचा इतिहास पाहता, जखमीच्या हक्काचे भवितव्य पुष्कळदा त्या नावानेच ठरविले आहे.