दुखत नसताना दंतवैद्याकडे

दंतवैद्याकडे कधी जायचे? आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर एकच : दात ठणकू लागला की. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतही फारसे वेगळे नव्हते. दात दुखेपर्यंत थांबायचे, मग तो भरून घ्यायचा नाहीतर उपटायचा.

खरे तर कारण ठाऊक झाले होते. दातांवरच्या थरातील सूक्ष्मजीव लेव्हेनहूकने १६८३ सालीच पाहिले होते. हे जीव पिष्ट आणि साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दात झिजतो, हे बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० च्या ग्रंथात मांडले. हा मऊ थर ब्रशने निघतो. मात्र लाळेतील क्षार बसून त्याचे कीटण झाले की ते हत्याराने खरवडूनच काढावे लागते.

मग हे खरवडायचे कोणी? कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या कारखान्यांच्या शहरात आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. ठराविक दिवसांनी रुग्णांचे दात साफ करण्याची पद्धत त्यांनी फिलाडेल्फियाच्या डी. डी. स्मिथ यांच्याकडून उचलली. पण यात दंतवैद्याचा सारा दिवस जाई. म्हणून १९०६ मध्ये त्यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवले, आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये घोडागाडी ठेवण्याच्या जागेत चक्क एक शाळाच काढली. पुढच्या वर्षी २७ स्त्रिया तेथून शिकून बाहेर पडल्या. त्यांना ‘डेंटल नर्स’ म्हणायला फोन्स तयार नव्हते. नर्स म्हटले की आजार आठवतो! त्यांनी ‘हायजिनिस्ट’ हा शब्द योजला.

१९१४ पासून या स्त्रिया ब्रिजपोर्टच्या प्राथमिक शाळांत जाऊ लागल्या. आरंभ खालच्या वर्गांपासून झाला. मुलांचे दात तपासून नोंद करायची, ते साफ करायचे, वर्गाकडून ब्रश करण्याची कवायत करून घ्यायची आणि पालकांना आहाराविषयी सांगायचे, असे काम होते. पाच वर्षांनी पाचवीतील मुलांची तुलना पूर्वीच्या, हा लाभ न मिळालेल्या पाचवीतील मुलांशी केली. कायमच्या दातांची कीड सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. एकाच इयत्तेत पुन्हा बसणारी मुलेही घटली, असा फोन्स यांचा दावा होता.

शिक्षकांनी येथे जरा थांबावे, असे आम्हाला वाटते. सफाई, ब्रश आणि आहार ही तिन्ही एकाच वेळी चालू होती, श्रेय कोणाचे? शिवाय तुलनेतील मुले वेगळ्या वर्षांतली. वर्गात ‘नियंत्रित प्रयोग’ शिकवताना याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पुढे फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आल्या आणि चित्र बदलले. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, दंतवैद्याकडे नियमित जाणाऱ्या आणि हिरडीचा गंभीर आजार नसलेल्या प्रौढांत ठराविक काळाने केलेल्या सफाईने हिरड्यांच्या सुजेत दोन-तीन वर्षांत फारसा फरक पडत नाही. तपासणीचे मात्र वेगळे आहे. सुरुवातीची कीड दुखत नाही, म्हणून ती शोधावीच लागते. ब्रिटनमधील २००४ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट सहा महिन्यांचा नियम नाही. प्रत्येकाचा धोका पाहून प्रौढांना तीन महिने ते दोन वर्षे अशी मुदत द्यावी, आणि अठरा वर्षांखालील मुलांना वर्षाहून अधिक काळ तपासणीविना ठेवू नये, असे त्या सांगतात.