काम काय करता?

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा हात संपावर गेला. दिवसा ऑफिसात कोडिंग, रात्री स्वतःचं लेखन. मनगटापासून कोपरापर्यंत ठणका लागायचा. इंजिनियर माणूस, जुगाड केला : माऊस डाव्या हातात घेतला. दोन महिन्यांत डावं मनगटही दुखायला लागलं. फिजिओथेरपिस्टने हात बघण्याआधीच विचारलं, "काम काय करता?"

या साध्या प्रश्नालाही इतिहास आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या आजारांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. मोदेना शहरात आपल्या घराचा मैला उपसणाऱ्या माणसाला त्याने जिवाच्या आकांताने काम उरकताना पाहिलं होतं. आत जास्त वेळ थांबलं की डोळे जातात, असं तो माणूस म्हणाला. तिथून पुस्तकाची सुरुवात झाली. डॉक्टरांनी रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत रामाझ्झिनीने एकाची भर घातली : तुमचा व्यवसाय काय?

१७१३च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांचे आजारही घेतले. तेव्हा हिशेब, करार, सरकारी कागद सगळं हातानेच लिहायचं. त्याने तीन कारणं दिली : सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊन मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकलेल्या कुणालाही तिसरं कारण समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच्या ओळखीचा एक नोटरी होता. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. मग तो डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच काळात डाव्या हाताचीही तीच गत झाली.

हे वाचलं आणि माझा माऊस आठवला. हात बदलला म्हणजे विश्रांती झाली, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. काम तेवढंच राहिलं, फक्त ओझं दुसऱ्या खांद्यावर गेलं.

बैठं काम करणाऱ्यांना रामाझ्झिनी सांगतो, निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करा. बाकीचे दिवस त्यांच्या हातात नव्हते. माझी रात्रपाळी मात्र मीच लावलेली आहे. आता अर्ध्या तासाने उठतो, गच्चीत फेऱ्या मारतो आणि आठवड्यातून दोन रात्री लॅपटॉप उघडतच नाही. लेखन कमी होतं. पण होतं.