विजेरीचा भरवसा

इंग्लंडात जिला ‘टॉर्च’ म्हणतात, तिला अमेरिकेत ‘फ्लॅशलाइट’ असे नाव आहे. फ्लॅश म्हणजे क्षणभर चमकून विझणारा प्रकाश. हे नाव कोणी कौतुकाने ठेवलेले नव्हे. ते त्या वस्तूच्या उणिवेवरून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या विजेऱ्या न्यूयॉर्कच्या बाजारात आल्या, तेव्हा त्यांचा उजेड फार वेळ टिकत नसे. खटका दाबावा, समोरची पायरी पाहून घ्यावी आणि लगेच बोट उचलावे. कारण मधूनमधून विसावा दिला नाही, तर आतला सेल तेथेच मान टाकी. अशी ही लहरी वस्तू पुढे पोलिसाच्या पट्ट्यात, सुईणीच्या पिशवीत आणि शेतकऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. तिच्या अंगी हा भरवसा कसा आला, हाच तिचा खरा इतिहास होय. तिचा उजेड वाढत गेल्याची हकीकत त्या मानाने दुय्यम आहे.

मराठीत तिला नावे पुष्कळ. लेखी भाषेत विजेरी, बोलण्यात बॅटरी, कोठे कोठे चोरबत्ती. खेड्यात ‘बॅटरी घेऊन ये’ म्हटले, तर मुलगा सेल आणून देत नाही, विजेरीच आणतो. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ही चूक ठरेल. परंतु लोकांनी वस्तूचा प्राण कोठे आहे हे बरोबर ओळखले, असेच म्हणावे लागते. विजेरीचा जीव सेलात असतो आणि तिच्या बहुतेक दुखण्यांचे मूळही तेथेच असते.

ह्या सेलचा मूळपुरुष फ्रान्समधला. जॉर्ज लक्लांशे ह्याने १८६६ साली काचेच्या बरणीत नवसागराचे पाणी घेतले. त्यात एका बाजूस जस्ताची कांडी आणि दुसऱ्या बाजूस मँगॅनीज डायॉक्साइडने वेढलेला कार्बन बुडविला. तारायंत्र आणि दारावरची विजेची घंटा ह्यांचे काम ह्या बरणीने चोख केले. पण बरणी ती बरणीच. तिरकी केली की पाणी सांडावयाचे. जर्मनीतील कार्ल गास्नर ह्याने १८८६ साली त्यावर उपाय काढला. नवसागराच्या द्रावात त्याने प्लॅस्टर कालविले, आणि काचेची बरणी टाकून देऊन जस्ताचाच डबा केला. सेल उलटा धरा, आडवा धरा, त्याला काही होत नसे. त्याला ‘कोरडा’ हे नाव मिळाले ते काहीसे फसवे आहे. आतला लगदा ओलसरच असावा लागतो. तो पुरता सुकला तर वीज बंद पडते.

गास्नरच्या युक्तीत एक मेख होती, आणि पुढची सुमारे शंभर वर्षे विजेरी बनविणाऱ्यांना तिने छळले. वीज निर्माण होते ती जस्त झिजून. म्हणजे ज्या डब्यात मसाला भरला, तोच डबा हळूहळू खर्ची पडतो. स्वयंपाकाचे पातेलेच चुलीत सरपण म्हणून घालावे, तसा हा प्रकार. सेल संपत येतो तेव्हा जस्ताचा पत्रा पातळ झालेला असतो, कोठेतरी त्याला छिद्र पडते आणि आतला क्षार बाहेर पाझरतो. पावसाळा संपल्यावर कपाटातून काढलेल्या विजेरीत पांढरी भुकटी आणि सेलला घट्ट धरून बसलेली नळी ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगणे नलगे.

१८९६ साली अमेरिकेतील नॅशनल कार्बन कंपनीने सहा इंच उंचीचा ‘कोलंबिया’ सेल विकावयास काढला आणि कोरडा सेल घरोघर पोहोचू लागला. थोड्याच काळात हाती धरता येईल एवढे लहान सेलही निघाले. ही संधी कॉनराड ह्यूबर्ट ह्या गृहस्थाने साधली. हा मूळचा रशियन साम्राज्यातील मिन्स्कचा ज्यू, जन्मनाव अकिबा होरोविट्झ. १८९१ साली तो न्यूयॉर्कला आला. विजेच्या गंमतीच्या वस्तू करणारी एक कंपनी त्याने काढली आणि डेव्हिड मिसेल ह्या कल्पक कारागिराचे शोध त्या कंपनीच्या पदरी पडले. मिसेलच्या विजेरीला १० जानेवारी १८९९ रोजी पेटंट मिळाले. कागदाची नळी, तिच्यात एकापुढे एक ठेवलेले सेल, टोकाला छोटा दिवा आणि त्यामागे पितळेची परावर्तक वाटी, एवढाच तिचा संसार. कंपनीने काही विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटल्या आणि त्यांनी लिहून दिलेली प्रशस्तिपत्रे जाहिरातीसाठी वापरली. रात्री अनोळखी बोळात शिरणाऱ्या शिपायाचा अभिप्राय कोणत्याही शास्त्रज्ञाच्या दाखल्यापेक्षा गिऱ्हाइकाला अधिक पटणार, हे ह्यूबर्टने अचूक हेरले होते. ‘एव्हर रेडी’, म्हणजे सदा सज्ज, हे त्याच्या मालाचे नाव झाले. त्या दिवसांत ते नाव जरा धाडसाचेच होते.

दिव्याच्या तारेचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. कार्बनची नाजूक तार वीज फार खाई आणि उजेड थोडा देई. १९१० च्या सुमारास टंगस्टनची चिवट तार काढण्याची कृती अमेरिकेत विल्यम कूलिज ह्याने सिद्ध केली. तीच तार विजेरीच्या बल्बमध्ये आली, त्याच सेलवर उजेड वाढला, आणि ‘क्षणभर चमकणारी’ हे वर्णन मागे पडले.

आता उरला भरवशाचा प्रश्न. तो समजून घ्यावयाचा तर विजेरीच्या पोटातून विजेचा प्रवाह कसा फिरतो, ते पाहिले पाहिजे. मागच्या झाकणातील स्प्रिंग सेलच्या बुडाला टेकते. त्या सेलचे पितळी टोक पुढच्या सेलच्या बुडाला टेकते. पुढच्या सेलचे टोक बल्बच्या बुडाला टेकते. बल्बचा कंठ धारकात, धारक खटक्याच्या पट्टीला, पट्टी नळीला, नळी झाकणाच्या आट्यांना आणि आटे पुन्हा स्प्रिंगला. म्हणजे एवढ्याशा वस्तूत धातू धातूला टेकण्याची सात-आठ ठिकाणे झाली. ह्यांतील एकही जोड डाखलेला नसतो. सगळे नुसत्या दाबावर टेकलेले असतात. घरातील दिव्याच्या २३० व्होल्टांपुढे धातूवरच्या पुटाचे काही चालत नाही. पण दोन सेलांच्या तीन व्होल्टांना गंजाचा पातळ पापुद्राही अडवू शकतो.

हिशेबच पाहावा. दोन सेलांच्या विजेरीत सामान्यतः अडीच व्होल्टांचा, सुमारे ०.३ अँपिअर घेणारा बल्ब असे. त्याचा विरोध आठ ओहमांच्या आसपास येतो. सगळ्या जोडांत मिळून दोनच ओहमांची भर पडली, तर प्रवाह पाचव्या हिश्शाने घटतो. परंतु तारेचा उजेड दाबाच्या मानाने फार झपाट्याने उतरत असल्यामुळे प्रकाश निम्म्याच्या आसपास येतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘सेल उतरले’, आणि चांगले सेल फेकून नवे आणते. दोष असतो झाकणाच्या मळलेल्या आट्यांत. विजेरी तळहातावर दोनदा आपटून पाहण्याची जी सार्वत्रिक सवय आहे, ती अडाणीपणाची नव्हे. त्या धक्क्याने टेकणारे भाग किंचित घासले जातात, पापुद्रा फुटतो, आणि दिवा लागतो. मात्र हे औषध तात्पुरते.

खिशातील लहान विजेरीत तर अडचणी अधिकच. सेल बारीक, स्प्रिंग आखूड, खटका नखाएवढा. शिवाय किल्ल्या, सुटी नाणी आणि घाम ह्यांचा शेजार. युरोपात ह्यावर एक वेगळी तोड निघाली होती. तीन सेल एका चपट्या वेष्टनात बांधून साडेचार व्होल्टांची बॅटरी करावयाची आणि तिच्या डोक्यावर पितळेच्या दोन लवचिक पट्ट्या ठेवावयाच्या. पट्टी थेट बल्बलाच टेके. स्प्रिंग नको, आट्यांचे झाकण नको. टेकण्याची ठिकाणे निम्म्यावर आली. सदऱ्याच्या खिशात सपाट बसणारी ही डबी कित्येक दशके तेथे चालली. उपयुक्त रचना म्हणून हिला नळीच्या विजेरीपेक्षा वरचा मान द्यावयास हरकत नाही.

भरवशाची कसोटी लागली ती युद्धात. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये रात्रीचा सक्तीचा अंधार सुरू झाला. रस्त्यांवरचे दिवे गेले, आणि त्या महिन्यात रस्त्यांवरील अपघातांत मेलेल्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या जवळजवळ दुप्पट झाली. शत्रूचे विमान अद्याप आलेही नव्हते. पुढे पायी चालणाऱ्यांना विजेरी वापरण्याची मुभा मिळाली; काचेवर पातळ कागद लावावा आणि झोत जमिनीकडे ठेवावा, अशी अट होती. लगेच ‘आठ नंबर’ची छोटी बॅटरी बाजारातून दिसेनाशी झाली आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये सेलच मिळेनात, तेव्हा आइंडहोव्हनच्या फिलिप्स कारखान्याने मुठीने दाबून चालविण्याची डायनॅमोची विजेरी पुरविली. दाबताना ती गुरगुरे, आणि लोकांनी तिला ‘चिमटमांजर’ अशा अर्थाचे लाडके नाव दिले. हाताला रग लागे खरी. पण ह्या मांजराला सेल लागत नसे.

भारतात सेलचा कारखाना १९३९ साली कलकत्त्यात निघाला आणि १९५८ साली त्याच कंपनीने लखनौला विजेऱ्यांचा कारखाना उभारला. पुढल्याच वर्षी तिचे नाव युनियन कार्बाइड इंडिया झाले. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळवर जी काळरात्र ओढवली, ती ह्याच नावाच्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून. सेल आणि विजेऱ्यांचा धंदा १९९४ नंतर दुसऱ्या हाती गेला. अलाहाबादेत ‘जीप’ विजेऱ्या होत. बडोद्यात १९७२ साली स्थापन झालेल्या लखनपाल नॅशनलने जपानी सहकार्याने ‘नोव्हिनो’ सेल काढले. सेलच्या पोटातील मँगॅनीजचे खनिज तर भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतूनही निघते. काळ्या मसाल्याचे हे माहेर विदर्भात आहे, हे थोड्यांस ठाऊक असते.

ह्या काळातील भारतीय विजेरी म्हणजे पितळी नळी, वर निकेलचा मुलामा. पितळ निवडण्यात शहाणपण होते. ते लोखंडासारखे गंजत नाही, त्यावर आटे स्वच्छ पडतात आणि नळी स्वतःच विजेची वाट बनते. पत्र्याच्या स्वस्त विजेऱ्यांना ओल लागली की दोन पावसाळ्यांत आटे धरत. एका पितळी विजेरीला ‘जीवनसाथी’ हे नाव मिळाले, ते जाहिरातीचे खरे. पण ज्या घरी वीज नव्हती त्या घरी ते अतिशयोक्तीचे वाटत नसावे. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती, आणि निम्म्याहून अधिक मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतील. मण्यार रात्री हिंडते, फुरसे पाचोळ्यात दिसत नाही. गोठ्याकडे जाणाऱ्या माणसाच्या हातातील खटका त्या क्षणी चालतो की नाही, ह्यावर काय अवलंबून असते, ते उघड आहे.

सेलच्या पाझरण्यावर अमेरिकेत १९३९ च्या सुमारास पोलादी वेष्टनाचा उपाय निघाला. त्यापेक्षा मूलगामी उपाय अल्कलाइन सेलचा. लुइस उरी ह्याने १९५० नंतरच्या दशकात तो व्यवहारात आणला. त्यात जस्ताची भुकटी करून ती मध्यभागी ठेवली आणि बाहेरचा डबा पोलादाचा केला. पातेले आणि सरपण अखेर वेगळे झाले. तरीही दीर्घकाळ पडून राहिलेला अल्कलाइन सेल आत वायू साठून पाझरतोच. त्यातील दाहक क्षार पितळही खातो. वापरात नसलेल्या विजेरीतून सेल काढून ठेवावेत, हा जुना सल्ला म्हणूनच आजही खरा आहे.

बांधणीची कल्पना बदलली ती १९७९ साली. कॅलिफोर्नियातील अँथनी मॅग्लिका हा मूळचा यंत्रकारागीर. त्याने अ‍ॅल्युमिनियमची नळी यंत्रावर कोरून काढली, जोडांत रबरी कडी बसविली आणि पोलिसांसाठी ‘मॅगलाइट’ केली. १९८४ साली आलेल्या तिच्या छोट्या बहिणीला स्वतंत्र खटकाच नव्हता; पुढचे डोके फिरविले की दिवा लागे. बिघडणारा भागच काढून टाकणे, ही कारागिराची युक्ती. मागच्या झाकणात जादा बल्बही ठेवलेला असे, कारण तार कधीतरी तुटणारच, हे बनविणाऱ्याने प्रामाणिकपणे गृहीत धरले होते.

तार तुटण्याचे भयही पुढे गेले. शुजी नाकामुरा ह्याने १९९३ साली जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी केला, १९९६ साली त्यावरून पांढरा निघाला, आणि २०१४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला अकासाकी व अमानो ह्यांच्यासह मिळाले. एलईडीला तार नाही, काचेचा फुगा नाही; विजेरी पडली तरी त्याला बहुधा इजा होत नाही, आणि वीज तो फार थोडी खातो. आज मोबाइल फोनच्या पाठीवरही तोच बसलेला आहे. जुन्या बल्बच्या जागी आट्यांनी बसणारे एलईडी बाजारात मिळतात. आजोबांच्या पितळी विजेरीत तसा एक बसविला, झाकणाचे आटे बारीक पॉलिशकागदाने घासले आणि स्प्रिंग थोडी ताणली, तर ती पूर्वीपेक्षा अधिक उजेड देते. खटका मात्र तोच जुना, आणि तो मळला तर दिवा अजूनही लागत नाही.