‘ताप’ या रकान्यात हरवलेली साथ

१९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाची दुसरी, अधिक घातक लाट मुंबई इलाख्यात पसरली. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावात तेव्हा मृत्यूची नोंद कोण करत असे? डॉक्टर नव्हे; गावकामगार.

ही नोंद जन्म-मृत्यूच्या वहीत होई. महसुली दप्तरात तिचे नाव गाव नमुना १४, बोलण्यात ‘कोतवाल बुक’. मोडीतली एक ओळ, तिच्यात नाव, जात आणि मृत्यूचे कारण. कारणांची सदरे मात्र वरून ठरलेली : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार. नव्या रोगाला त्यात जागाच नव्हती. त्यामुळे इन्फ्लुएन्झाचे बहुतेक बळी ‘ताप’ या सदरात जमा झाले. त्यातच नोंद करणारेही आजारी पडले आणि ऐन साथीत वह्या तोकड्या पडल्या.

मग मृतांचा आकडा कळला कसा? कारणाचा रकाना बाजूला ठेवून. एरवीच्या वर्षांत किती माणसे मरतात आणि त्या वर्षी किती अधिक मेली, एवढाच प्रश्न संशोधकांनी विचारला. सिद्धार्थ चंद्र आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जनगणनांच्या आधारे ब्रिटिश प्रांतांपुरता अंदाज मांडला : सुमारे १ कोटी ३९ लाख.

कोविडनंतर आरोग्याच्या डिजिटलीकरणावरील संशोधनाला पूर आला. कोविन, ई-संजीवनी, २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन आणि त्याचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक, हे त्याचे आवडते विषय. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यातला सर्वांत नीरस धागाच मोलाचा वाटतो : मृत्युनोंदणी. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील २०२०-२१ चे अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख ठरवले. २०२१ अखेरचा सरकारी कोविड-आकडा ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होता. सरकारने अंदाज अमान्य केला. पुढे २०२५ मध्ये नागरी नोंदणीचे २०२१ चे आकडे प्रसिद्ध झाले : २०२० मध्ये ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. ही सगळी वाढ कोविडची असे म्हणता येत नाही. पण वाद आता मोजणीच्या पद्धतीवर आला, आणि ती पद्धत १९१८ च्या अभ्यासकांचीच होती.

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायद्याने जन्म-मृत्यूंची नोंद डिजिटल केली. गंमत अशी की त्याच सुमारास महाराष्ट्रात जुनी कोतवाल बुकेही कपाटांतून बाहेर आली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला कुणबी नोंदी हव्या होत्या. मोडी वाचणारे शोधले गेले, पाने स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. शंभर वर्षांपूर्वीच्या आरोग्यदप्तराचे डिजिटलीकरण असे जातीच्या दाखल्यासाठी घडले! ज्याने त्याने जातीचा रकाना वाचला. शेजारचा कारणाचा रकाना तसाच राहिला. शिवाय स्कॅन म्हणजे केवळ चित्र. त्यात ‘ताप’ शोधायचा तर आजही मोडी येणारा माणूसच बसवावा लागतो.

नव्या वहीत तरी तो रकाना भरतो का? २०२१ मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू होते २३.४ टक्के.